सविताच्या भीतीचे खंडन

१२ सप्टेंबर २००२, गुरुवार

सविता विमानात बसणार नाही. आज तिने हे तीनदा सांगितले, तिन्ही वेळा त्याच शब्दांत — "मला भीती वाटते. विषय संपला."

विषय संपलेला नाही. मंजुषाचे दिवस फेब्रुवारीच्या मध्यावर भरतात. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून ती दिवाळीनंतर नाशिकला यायची होती. आज पोर्ट ब्लेअरहून जावयांचा, मनोजरावांचा, फोन आला — डॉक्टरांनी तिला प्रवासाची सक्त मनाई केली आहे. पलंगावरून उतरणेही बेताचेच. लेक माहेरी येऊ शकत नसेल तर माहेराने लेकीकडे जायला हवे, हे उघड आहे.

मार्ग दोन. चेन्नईहून जहाज — तीन दिवस. आणि ते कोणत्या तारखेला सुटेल याबद्दल खुद्द मनोजरावांनाही खात्री देता येत नाही. किंवा विमान — दोन तास. मी जहाजाच्या बाजूने बराच वेळ बोललो. मनोजराव म्हणाले, "बाबा, बाळ काही जहाजाचं वेळापत्रक बघून येणार नाही."



१५ सप्टेंबर, रविवार

सविताची भीती नवी नाही. पुरावा — १९८७. दिल्लीच्या तर्कशास्त्र परिषदेने मला सपत्नीक बोलावले होते, विमानाने. आदल्या दिवशी सविताचा कान ठणकू लागला. डॉक्टरांना काही सापडले नाही. आम्ही आगगाडीने गेलो. गाडीत पहिला चहा येईपर्यंत कान ठणकायचा थांबला होता!

मी तेव्हा काही बोललो नाही. बायकोचे वैगुण्य दाखवून देणे हा माझा स्वभाव नाही.

आता मात्र न्यायशास्त्राप्रमाणे पद्धतशीर, पाच अवयवांची मांडणी हवी. प्रतिज्ञा — सविताची भीती जाईल. हेतू — कारण ती परिचयाने जाणारी आहे. उदाहरण — जी भीती अपरिचयातून येते ती परिचयाने जाते. जसा प्रेशर कुकर. १९७१ साली कुकर आणला तेव्हा पहिल्या शिट्टीला सविता अंगणात पळाली होती. आज ती त्याच्या शेजारी उभी राहून वर्तमानपत्र वाचते. उपनय — विमानाची भीतीही तशीच आहे. निगमन — म्हणून ती जाईल.

पाचही अवयव जागेवर आहेत. फक्त परिचयासाठी विमान हवे.

मंजुषाने मागे ठेवलेला संगणक आहे. त्यावर चालणारी, विमान उडवण्याच्या खेळाची सीडी मनोजराव पाठवत आहेत.

२९ सप्टेंबर, रविवार

सीडी आली. सविताने पाच मिनिटे पडद्याकडे पाहिले आणि म्हणाली, "छान आहे. पण हा टीव्ही झाला."

मागच्या गल्लीतल्या सावळीरामांना बोलावले. ओझरच्या विमान कारखान्यात बत्तीस वर्षे फिटर. तीन वर्षांपूर्वी निवृत्त. त्यांनी सविताची बाजू घेतली.

"सर, पडद्यावर वाघ बघून जंगलाची सवय व्हती का? आत बसाया पायजे. शीट पायजे, दांडा पायजे, बटनं पायजे. आन दार पायजे — बंद व्हनारं."

बंद होणाऱ्या दाराची आवश्यकता मला पटली नाही, असे मी सांगितले.

"सर, इमान हाय ते. रिक्षा नाय."

तुम्ही स्वतः विमानात किती वेळा बसलात, असे विचारले. "बत्तीस वर्सं रिबिटा मारल्या. बसलो नाय येकदाबी. कोन बसवनार?"

अनुभव नसताना अधिकार! पण रिव्हेट मारलेला माणूस हा न मारलेल्यापेक्षा बरा साक्षीदार.

६ ऑक्टोबर, रविवार

सविताचे शिवणयंत्र ओसरीवर गेले. तिच्या खोलीत आता प्लायवूडचा सांगाडा उभा आहे — पुढे निमुळता, मागे तूर्त उघडा; दार नंतर बसेल. जुन्या बाजारातून एसटीच्या दोन सीटा मिळाल्या. एकीच्या पाठीवर 'अपंगांसाठी' असे लिहिलेले आहे. सावळीराम म्हणाले, "ही सरांची." सविता आवश्यकतेपेक्षा अधिक हसली.

एक जुना कीबोर्ड उघडला. त्याच्या पोटातल्या पट्टीपासून तारा ओढून त्या भिंतीवरच्या विजेच्या बटणांना जोडायच्या — म्हणजे बटण दाबले की संगणकाला वाटते, कळ दाबली. संगणकाची अशी फसवणूक करणे मला प्रथम खटकले. नंतर विचार केला. हेतू शुद्ध आहे.

सुकाणू प्लास्टिकच्या पाइपाचे. ते किती वळले हे संगणकाला कळावे म्हणून त्याच्या मुळाशी जुन्या रेडिओचे आवाज कमीजास्त करण्याचे बटण बसवले. ते कुरकुरते.

१४ ऑक्टोबर, सोमवार

खंडेनवमी. कारखान्यात सावळीराम दरवर्षी आपल्या यंत्राची पूजा करीत; निवृत्तीनंतर त्यांच्यापाशी यंत्र नव्हते. सकाळी अंघोळ करून, नारळ घेऊन दारात उभे! नाही म्हणणे शक्य नव्हते. झेंडूची माळ, नारळ, सुकाणूवर हळद, कुंकू, अक्षता — कशातही काटकसर नाही. सविताने ओवाळले.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

विमान डावीकडे झुकते. सतत!

२० ऑक्टोबर, रविवार

निदान झाले. हळदकुंकू रेडिओच्या बटणात शिरले आहे. उघडले, पुसले, फुंकले, रॉकेलने धुतले. काहीसे सुधारले, पण हात सोडला की विमान अजूनही आपणहून डावीकडे वळते. मी म्हणालो, नवे बटण आणू. सावळीराम गंभीर झाले.

"पूजेचं हाय सर. काढायचं नाय ते."

सविताही म्हणाली, "राहू दे. मी उजवीकडे धरून ठेवीन."

मतदानाने सत्य ठरत नाही, हे मी निदर्शनास आणले. बटण मात्र तेच राहिले.

१० नोव्हेंबर, रविवार

पहिले उड्डाण. प्रयोगाचा विषय सविता, म्हणून ती डाव्या सीटवर. निरीक्षक या नात्याने मी उजव्या, 'अपंगांसाठी'. सावळीरामांनी दार बाहेरून लावले.

ओझरच्या धावपट्टीवरून सुरुवात. या खेळात नाशिक नाही. जिथे एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या हव्यात तिथे सपाट हिरवळ. गोदावरी म्हणजे एक निळी रेघ. सविता म्हणाली, "आपलं घर कुठंय?" मी म्हणालो, सिद्ध करता येणार नाही.

ती तीनदा कोसळली आणि तिन्ही वेळा म्हणाली, "परत!" मी चौथ्या खेपेस बाहेर आलो. बंद खोलीत हवा पुरेशी नाही. सावळीरामांना दाराला भोके पाडायला सांगितले. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिले.

"भोकं हायेत सर. आठ पाडलीत."

८ डिसेंबर, रविवार

सविता चेन्नईला उतरली. चाके टेकल्यावर एकच उसळी. बटणांवर तिने आपल्या अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत — चाके, पंखाची फळी, दिवे, ब्रेक. एका बटणाला तार जोडलेली नाही. त्यावर तिने 'यजमान' असे लिहिले आहे. कारण विचारले. "दाबलं तरी काही होत नाही म्हणून," सावळीरामांनी आतून माहिती पुरवली.

विनोद बाजूला ठेवला तर प्रगती नि:संशय आहे. आता ती भाजी चिरता चिरता उडवते. सावळीरामही रोज तासभर बसतात. उतरल्यावर खाली वाकून सांगाड्याला हात लावतात आणि तो हात कपाळाला नेतात.

मी निरीक्षण बाहेरून करतो. वस्तुनिष्ठतेसाठी ते बरे.

२८ डिसेंबर, शनिवार

तिकिटे आली. दोन. २१ जानेवारी — मुंबई, चेन्नई, पोर्ट ब्लेअर. पाकीट सविताच्या कपाटात ठेवले. आज जेवण नको वाटले. थंडी पडली आहे.

१२ जानेवारी २००३, रविवार

संपूर्ण तालीम. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर, खऱ्या वेळेनुसार, दोन तास. सविताच्या आग्रहाखातर मी उजव्या सीटवर, दार बंद.

पहिला तास समुद्र. काहीच नाही, फक्त निळे. मग सविताने खेळात काहीतरी फिरवले आणि ढग आले. सावळीराम बाहेरून सांगाडा हलवू लागले. हे पूर्वनियोजित होते हे मला नंतर कळले. मी सविताला म्हणालो, दूध गॅसवर आहे. ती म्हणाली, "नाहीये." मी तरीही पाहून येणे श्रेयस्कर मानले.

दूध गॅसवर नव्हते.

ओट्यापाशी उभा होतो तोवर सावळीराम आत आले. पाणी दिले. "सर, शर्ट लय भिजला तुमचा. जानेवारी हाय."

दरवाजा बंद होता, सूर्य पश्चिमेच्या खिडकीत होता, संगणक गरम होतो. तीन स्वतंत्र कारणे दिली. सावळीरामांनी तिन्ही मान्य केली. वाद घालायला जो प्रतिपक्ष लागतो तो त्यांच्यात मुळीच नाही, आणि त्याचा मला आज प्रथमच त्रास झाला.

सविता एकटी पोर्ट ब्लेअरला उतरली. संध्याकाळी मंजुषाशी फोनवर बोलताना तिचा आवाज ऐकला — "मी येतेय गं. हो. बाबांचं बघू."

माझे काय बघायचे?

१८ जानेवारी, शनिवार

आज मी सविताला माझा निर्णय सांगितला. घर महिनाभर बंद ठेवणे अयोग्य, नळाला पाणी सकाळी तासभरच येते, तुळस आहे, शिवाय प्रयोग यशस्वी झाल्याने तिला सोबतीची गरज उरलेली नाही. बाळंतपणात पुरुषाचे काम काय? युक्तिवादात कुठेही फट नव्हती.

ती तांदूळ निवडत होती. ताट बाजूला ठेवले.

"अहो, सत्त्याऐंशी साली माझा कान दुखत नव्हता."

मी ताटातला एक खडा उचलला.

"दोन दिवस तुम्ही जेवला नव्हता. परिषदेचं पत्र चार वेळा घडी घालून चार वेळा उघडलंत. आदल्या रात्री तिकीट उशाखाली ठेवून छताकडे बघत पडला होतात. तुमच्या तोंडून ते निघणार नव्हतं. मग म्हटलं, माझा कान दुखू दे."

"मग सप्टेंबरात?"

"तेच. फोनवर जहाजाचं बोलायला लागलात तेव्हाच कळलं. तुमची भीती घालवायला तुम्ही काडी हलवली नसती. माझी म्हटल्यावर विमान बांधलंत!" मग जरा थांबून — "मला नाही भीती वाटत. कधीच नव्हती."

म्हणजे प्रतिज्ञेतच दोष होता. भीती जिच्या ठायी आहे असे धरले तिच्या ठायी ती नव्हतीच. हेतू, उदाहरण, उपनय — चार महिने सारे चुकीच्या माणसाभोवती बांधले. माझ्या विद्यार्थ्याने हे केले असते तर मी त्याला बाकावर उभे केले असते.

"मी एकटी जाऊ शकते," ती म्हणाली. "पण मंजूने दोघांच्या गाद्या घातल्यात. आणि बाळाला मांडीवर कोण घेणार? तुम्ही खरं काय ते एकदा बोला, म्हणजे झालं. मग या, नाहीतर राहा."

मी म्हणालो, विचार करतो.

मुळात वाक्य लहान आहे. तीन शब्दांचे. ते उच्चारता आले नाही.

१९ जानेवारी, रविवार

दुपारी सविता देवळात गेली तेव्हा सांगाड्यात जाऊन बसलो. डाव्या सीटवर. दार मीच आतून ओढून घेतले. संगणक सुरू केला नाही. अर्धा तास बसलो. 'यजमान' दाबून पाहिले.

काही झाले नाही.

२० जानेवारी, सोमवार

घराची किल्ली सावळीरामांकडे दिली. एक. दुसरी माझ्या खिशात आहे. "सर, इमानाला रोज येक तास दिन मी," म्हणाले. "आन खरं इमान कसं ऱ्हातं ते येऊन सांगा. बारीकसारीक समदं."

बॅगा दोन.

२१ जानेवारी, मंगळवार. विमानात

अक्षर हलते आहे. विमान हलते आहे.

दार बंद झाले तेव्हा मी डोळे मिटून सोळापर्यंत मोजले. मग सविताने माझे मनगट धरले. तिचा हात बर्फासारखा गार होता आणि ओला. माझा कोरडा होता. मी तपासून पाहिले.

म्हणजे सप्टेंबरातले तिचे विधान खरे होते, आणि शनिवारचे खोटे.

विमान डावीकडे वळले. ती डोळे न उघडता म्हणाली, "हळदकुंकू." ओठ पांढरे पडले होते. हवाईसुंदरी वाकून विचारू लागली, बाईंना बरे नाही का, घाबरल्यात का?

"त्या नाही," मी म्हणालो. "भीती मला वाटते. त्या मला धरून बसल्या आहेत."