वाळूत राहिलेलं बूड

उंब्रज, बुधवार, १४ ऑगस्ट १९७४

परवा नदीकाठच्या बाभळबनातली पांढरी अळंबी मीच पारखून शेजारच्या तात्यांना दिली. नेहमीसारखा वाळूच्या वरच देठ मोडला. मुळासकट उपटली तर पुढच्या साली येत नाही म्हणतात. बूड पाहिलंच नाही. विषारीच्या बुडाशी वाटी असते, हे मीच गावाला सांगत आलो ना?

तात्या काल रात्रीपासून जुलाब-उलट्यांनी कराडला दवाखान्यात. कपडे न्यायला आलेली त्यांची बायको म्हणाली, "डाक्टरनी अळंबीचं इचारलं. म्या म्हटलं, आप्पांनी बघितल्याली हाय, तिचा संशय घिऊ नगा." म्हणून औषध पटकीचं चालू आहे.

संध्याकाळी जाऊन वाळू उकरली. बुडाशी पांढरी वाटी निघाली. डॉक्टरांना दाखवायलाच हवी. कराडची शेवटची एस.टी. आत्ताच गेली, आणि मी इथं लिहीत बसलो आहे.