लुगड्याच्या चिंध्या

बरकतपुरा, डिसेंबर १९५६

चि. माधवा,

आधी कपाळावर विसरलेला चष्मा डोळ्यांवर घे.

मला पाट्या वाचता येत नाहीत म्हणून श्रीशैलच्या रानात तू प्रत्येक फाट्यावर माझ्या लुगड्याची चिंधी बांधलीस. कृष्णेच्या दरीतून परतताना वाट चुकलास मात्र तूच! चिंध्या बघत मीच तुला बाहेर आणलं.

भाषेवार आपलं राज्य फुटलं, तुझं ऑफिस इथून औरंगाबादला गेलं. जाताना दवाखान्यापर्यंतच्या खांबांनाही चिंध्या बांधून गेलास. आता डोळ्यांना त्या दिसत नाहीत रे. पण माझ्या हाताला येतील अशा बांधल्यास, म्हणून गाठी चाचपत एकटी जाते. तुझं भलं होवो.

हे कळलं तर नोकरी टाकून धावत येशील, म्हणून तुझ्या बहिणीकडून, सुमनकडून लिहून घेतलेलं हे पत्र माझ्या कपड्यांच्या पेटीतच राहील. तुला धाडायच्या कार्डावर ती एवढंच लिहील: आजी खुशाल. वाळवलेला हुरडा पाठव, पुरचुंडीची गाठ तूच मार.

तुझी अंगठेबहाद्दर आजी