दहा मोजेपर्यंत

म्बाक खोतिमा, तुला धाकट्या बहिणीचा, मुंतामाचा सलाम. तुझ्या पायाशी बसून लिहितेय असं समज.

तुझी कंबर कशी आहे? मदरशाची ती मोठी पातेली अजून एकटीच उतरवतेस का? तुझा फोन नारळाच्या कालवणात पडला असं कळलं, म्हणून हे पत्र मासळीवाल्या पाक सुवंडीच्या हाती कुदुसला पाठवतेय (वास येईल, राग धरू नकोस). आम्ही सगळे सुखरूप. पोरगी आठ महिन्यांची झाली, रांगते. रोखिम बोटीवर गेलाय, आठवड्याभरात येईल. सासूबाई ठणठणीत. भरतीचं पाणी घरात येतं तेवढंच, पण ते काय नेहमीचंच.

मी फिल्म करतेय हे तुला कळलंच असेल. हसू नकोस. सेमारांगच्या एका संस्थेनं कधी कॅमेरा न धरलेल्या सहा बायका निवडल्या. जे आहे ते दाखवायचं, खोटं काही नाही, अशी फिल्म. प्रत्येकीला एक कॅमेरा आणि शिकवायला एक बाई. माझ्या वाट्याला बु रेत्नो आल्या. बाई चांगल्या, पण उंच. पाणी चढतं तशी आपण दरवर्षी मातीची भर घालून घरातली जमीन उचलतो, छप्पर मात्र तिथंच, त्यामुळे दारं आता छातीएवढीच उरलीत, हे त्यांना कोण सांगणार? आमचं दार, शेजारचं दार, नमाजघराचं दार. पहिल्याच दिवशी तीन टेंगळं. सासूबाईंनी हळद लावली आणि म्हणाल्या, "बाई शिकवायला आलीय की दारं मोडायला?" (हळू म्हणाल्या. पण बाईंना ऐकू गेलं, आणि त्याच आधी हसल्या.)

पहिल्या आठवड्याचं काम त्यांनी बघितलं आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं. मग म्हणाल्या, "मुंतामा, यात चहाचे एकेचाळीस पेले आहेत. माणूस एकही नाही." खरंच गं. कॅमेरा म्हणजे पाहुणाच की. ज्याच्याकडे वळवावा तो आत जाऊन कपडे बदलून येतो, कॅमेऱ्यापुढं गोड चहा ठेवतो आणि हसतो. पाहुण्यापुढं रडगाणं कोण गाईल? नमाजघराचे म्हातारबुवा तर गुडघाभर पाण्यात उभे राहून "सगळं उत्तम आहे" म्हणाले. तेव्हा बाईंनी मला एक गोष्ट शिकवली. माणसाचं बोलणं संपलं की कॅमेरा बंद करायचा नाही. मनात दहा मोजायचे. खरं बोलणं त्या दहात येतं, म्हणे.

म्बाक, तुला ठाऊक आहे, सासूबाई गाव सोडायचं नाव काढत नाहीत. सासऱ्यांची कबर इथं आहे (आता पाण्याखाली, पण आहे). रोखिम म्हणतो, आई निघाली तर निघू. मला कुणी विचारलं तर मी म्हणते, मला काय, इथंच बरं. सुनेनं दुसरं काय म्हणायचं?

तर मंगळवारी भरतीच्या वेळी सासूबाई पलंगावर बसल्या होत्या, पोरगी शेजारच्या माचीवर, कमरेला कापड बांधून खांबाला अडकवलेली. आता ती रांगते म्हणून मी तसंच करते. सासूबाई कॅमेऱ्यात बघून म्हणाल्या, "आम्ही इथंच सुखी." मी मोजायला लागले. ओठातल्या ओठात, पण मोठ्यानं झालं असणार. सातला पोरीची पाठ दिसत होती, आठला दिसली नाही, गाठ सुटून नुसतं कापड खांबाला लोंबत होतं. आणि म्बाक, मी नऊ म्हटलं.

पाय हललेच नाहीत माझे. सासूबाईंनी पाण्यात उडी टाकली, पोरीला पायाला धरून वर काढलं, पाठीत दोन थापट्या मारल्या. पोरगी रडली तेव्हा मी श्वास घेतला. त्या पाण्यातच उभ्या राहून म्हणाल्या, "मला नाही राहायचं इथं. सुनेला घर सोडवत नाही म्हणून मी दोन वर्षं तोंड शिवलंय." कॅमेरा चालूच होता.

मला सातच्या पुढचं सगळं पुसायचं होतं. फिल्म अख्ख्या गावाला दाखवणार आहेत. पोर बुडतंय आणि आई आकडे मोजतेय, हे कोण विसरेल? मी बाईंच्या पाया पडले, तुम्हीच कापा म्हटलं. त्या म्हणाल्या, "कापलंस तर सासूचं बोलणंही जाईल. मी कापणार नाही, ठेवही म्हणणार नाही. फिल्म तुझी. पण जिचं बोलणं आहे तिला आधी दाखव." दाखवलं. सासूबाईंनी शेवटपर्यंत बघितलं. पहिलं म्हणाल्या, "ओढणी तिरकी दिसतेय." मग बसल्या जागी डोक्यावरची ओढणी सरळ केली. मग म्हणाल्या, "राहू दे. रोखिमला दाखव. फक्त तुझं ते नऊ ऐकू येतंय, तेवढं काढता येतं का बघ. लोक तुला बोलतील."

मी नाही काढलं.

तब्येतीला जप. मिरच्या वाटताना डोळ्यांना हात लावू नकोस.

तुझी,
मुंतामा

ता. क. वर सगळे सुखरूप लिहिलंय ते पाहुण्याला चहा दिल्यासारखं समज. मी मंगळवारपासून पोरीला खाली ठेवलेलं नाही.

ता. क. तुझ्या मागच्या खोलीत लाकडं ठेवतेस, ती हलवता येतील का? मी, पोरगी, सासूबाई. रोखिम आला की तोही. "बघू" असं लिहू नकोस. पत्र वाचून झालं की आधी दहा मोज, मग उत्तर लिही.

ता. क. सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणतात, दहा कशाला, तिला पाचच मोजायला सांग. मोठी भरती शुक्रवारी आहे.