कॅल्शियम घसरवून दाखवण्याबाबत

प्रति,
मा. सहायक संचालक साहेब,
औषध मंजुरी शाखा, आरोग्य साहाय्य कार्यालय,
तिसरा मजला (लिफ्ट बंद असल्यास जिना मागच्या बाजूस)

विषय : औषधामुळे अर्जदार बरा दिसतो म्हणून बंद केलेले औषध पुन्हा सुरू करणेबाबत.

संदर्भ : आपले 'आजार आढळून येत नाही' हे पत्र.

महोदय,

१. अर्जात 'मी, मला' लिहिले तर अर्ज खासगी पत्रांत जमा होतो, असे खिडकीवरच्या बाईंनी बजावल्यामुळे पुढे सर्वत्र 'अर्जदार' म्हटले आहे. तो मीच, आपल्या कार्यालयाच्या मागच्या फाटकासमोरचा सलूनवाला. कार्यालयातील निम्म्या हनुवट्या अर्जदाराच्या हाताखालून जातात. आपली स्वतःची दाढी दर शनिवारी कार्यालय सुटल्यावर अर्जदारच करतो, तीही वस्तऱ्याने, कारण मशीन फिरवल्यावर आपल्याला दाढी झाल्यासारखी वाटत नाही. ओळख दाखवून काम साधण्याचा हेतू नाही. ओळखीने काम होत असते तर अर्जदार तीन मजले चढला नसता.

२. अर्जदाराच्या गळ्यातील गाठ शस्त्रक्रिया करून काढली, तेव्हा तिच्यामागे दडलेल्या चार ग्रंथीही गाठीबरोबर गेल्या. डाळीच्या दाण्याएवढ्या वस्तू, पण रक्तातले कॅल्शियम सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्या आहेत हे अर्जदाराला त्या गेल्यावर कळले. आधी ओठांना मुंग्या आल्या. मग एके दिवशी शाळामास्तरांची मिशी कोरत असताना अर्जदाराचा उजवा हात आपोआप आखडला, अंगठा तळव्यात वळला आणि बोटे एकमेकांना अशी चिकटली की सोडवता सोडवेनात. नशीब, हातात वस्तरा नव्हता, कात्री होती. मास्तर अर्धी मिशी घेऊन घरी गेले, दुसऱ्या दिवशी उरलेली अर्धी दुसरीकडे काढून आले, आणि तेव्हापासून अर्जदाराशी बोलत नाहीत. पुढच्या खेपेस घसा आवळला, श्वास अडकला, आणि शिरेतून कॅल्शियम सोडावे लागले. त्या दिवशी अर्जदार घाबरला होता, हे येथे स्पष्ट नमूद करतो.

३. पुढे गोळ्या मुठीने खाल्ल्या. हात जरा सुधारला, पण मूत्रपिंडात खडा झाला. म्हणजे कॅल्शियम कमी पडले तरी पंचाईत आणि जास्त झाले तरी पंचाईत. इकडे आड, तिकडे विहीर. म्हणून डॉक्टरबाईंनी त्या गेलेल्या ग्रंथींचे काम करणारे हार्मोनचे इंजेक्शन सुरू केले, आणि आपल्याच शाखेने ते मंजूर केले. ते रोज मांडीत घ्यायचे, आज डावी, उद्या उजवी. घेतल्यावर चक्कर येऊ शकते म्हणून थोडा वेळ बसून राहायचे. रक्त वेळोवेळी तपासायचे, आणि गोळ्या कमी करायच्या त्या डॉक्टरबाईंनी सांगितल्यावरच, आपल्या मनाने नाही. औषध फ्रीजमध्ये ठेवावे लागते. अर्जदाराच्या पत्नीने त्यासाठी फ्रीजचा एक कप्पा रिकामा केला असून, दार नीट लागले नाही तर तिची सख्खी आईसुद्धा बोलणी खाते.

४. एवढे सगळे पाळल्यावर व्हायचे तेच झाले. रक्ताचा अहवाल ठीक आला. अर्जदाराने तो हौसेने, न मागता, आपल्या शाखेत नेऊन दिला. येथेच चूक झाली. आपण अहवाल पाहिला, कॅल्शियम योग्य आहे हे पाहिले, आणि आजार नाही म्हणून औषध बंद केले. शिवाय पत्रात म्हटले की मंजुरी पुन्हा हवी असल्यास औषध थांबवून कॅल्शियम कमी झाल्याचा ताजा अहवाल सादर करावा. छत्रीखाली उभा असलेला माणूस कोरडा आहे, सबब पाऊस नाही. आणि पाऊस आहे असे म्हणायचे असेल तर त्याने छत्री टाकून भिजून यावे, असा हा हुकूम आहे.

५. खिडकीवरच्या बाईंना अर्जदाराने विचारले की चष्म्यातून नीट दिसते का. त्या दिसते म्हणाल्या. मग डोळे चांगले आहेत, चष्मा शाखेत जमा करा, असे अर्जदाराने सुचवले. बाई हसल्या, चष्मा घट्ट धरला आणि म्हणाल्या की साहेबांना विचारा. शिपाईदादांनी जिन्यात गाठून सल्ला दिला की दोन दिवस औषध बंद ठेवा, हात जरा वाकडा करून दाखवा, साहेब मनाने वाईट नाहीत. हे घरी सांगितल्यावर पत्नी म्हणाली की साहेबांना म्हणावे, आधी तुम्ही श्वास बंद करून दाखवा, मग आमचे हे हात वाकडा करतील. पत्नीच्या वतीने अर्जदार दिलगीर आहे. मात्र डॉक्टरबाईंचेही म्हणणे तेच आहे, फक्त भाषा सभ्य आहे. त्यांनी लेखी दिले आहे की हे औषध एकाएकी थांबवल्यास कॅल्शियम पूर्वीपेक्षाही खाली जाऊ शकते, झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकते.

६. तरीही अर्जदार कायदा मानणारा आहे. हुकमाची अंमलबजावणी करायचीच झाल्यास थोडे मार्गदर्शन व्हावे. कॅल्शियम कितपत घसरलेले शाखेस चालेल? झटका घरी आल्यास ग्राह्य धरला जाईल, की तो कार्यालयीन वेळेत तिसऱ्या मजल्यावरच यावा? झटक्यानंतर अहवाल आणायला अर्जदार उरला नाही, तर वारसाने आणलेला अहवाल चालेल का, आणि मंजुरी मिळाल्यास ते इंजेक्शन कोणाच्या मांडीत द्यावे?

७. अर्जदाराकडे उरलेले औषध शुक्रवार सकाळपर्यंत पुरेल. आपली दाढी शनिवारी असते. ही धमकी नाही. त्या दिवशी अर्जदार वस्तऱ्याला हात लावणार नाही, दुकानाला कुलूप असेल. पण एवढे लक्षात असावे की वर्षानुवर्षे आपण त्या खुर्चीत मान मागे टाकता, डोळे मिटता, आणि अर्जदाराचा हात स्थिर आहे याचा पुरावा एकदाही मागितला नाहीत. कित्येकदा तर आपण घोरता. साहेब, या खेपेस मान अर्जदाराची आहे आणि हात आपला.

सोबत : डॉक्टरबाईंचे पत्र, रक्ताचा अहवाल (ठीक आल्याबद्दल क्षमस्व). मास्तरांच्या अर्ध्या मिशीचे छायाचित्र त्यांच्या हरकतीमुळे जोडलेले नाही.

आपल्या सहीची वाट पाहणारा,
आपला नम्र,
सलूनवाला, मागचे फाटक
बुधवार

(सही अर्जदाराने स्वतः, न थरथरता केली आहे. ही सोय शुक्रवारपर्यंत.)