शुभाने बोललेला नवस

मंगळ., ४ नोव्हें.
दुपारी सायलीच्या नंबरवरून फोन, आवाज कुणा बाप्याचा. "ह्या पोरीचे वडील का तुमी? इमान पडलंय आमच्या वावरात. पोरगी जित्ती हाय, बोलती हाय. लवकर या."
विमान चालवायला शिकतेय, आज एकटीच उडवत होती. धावपट्टी सोडून जरा वर गेली आणि इंजिन बंद. काष्टीच्या पुढे, कुणाच्या तरी कांद्यात. भिंगारहून गाडी मीच चालवली. कशी, आठवत नाही. शेजारी शुभा, लेकीचा नंबर परत परत लावत.
मांडीचं हाड, बरगड्या, पोटात रक्तस्राव. आत ऑपरेशन चाललंय. आपण नुसते बाहेर.

बुध., ५ नोव्हें.
शुद्धीवर आली. पहिला प्रश्न, "बाबा, विमान किती मोडलं?" कप्पाळ माझं! बाहेर येऊन रडलो.
शुभाने आज सांगितलं. काल ऑपरेशन चालू असताना मोहट्याच्या देवीला नवस बोलली. मला वाटलं, खण-नारळ, फार तर साडी. "नाही हो. म्हटलं, लेक वाचव, पुन्हा तिला विमानात बसू देणार नाही."
मी नवसबिवस मानत नाही. पण काल त्या दारापुढे मीही काहीही कबूल करून बसलो असतो.

रवि., २३ नोव्हें.
घरी आणली. भेटायला येणाऱ्यांची रीघ. सगळ्यांचं एकच पालुपद, पुरे झालं ते विमान, बँकेची परीक्षा दे. सायली छताकडे बघत पडलेली. शेजारच्या काकूंना शुभाने नवसाचं सांगून टाकलं, तेही तिच्यादेखत. झालं!
काकू गेल्यावर सायली, "आई, चांदीचा पाय बोलायचास. माझं उडणं तुझं होतं का द्यायला?"
शुभा म्हणाली, "तेव्हा देण्यासारखं दुसरं काही सुचलंच नाही गं."
कुणाची बाजू घेऊ? दोघींना ताकभात कालवून दिला. माझ्याने तेवढंच होतं.

सोम., १९ जाने.
सायलीची कुबडी सुटली. मायलेकी मीठ मागण्यापुरत्या बोलतात, तेही माझ्यामार्फत. पोस्टमन झालोय.
शेवटी शुभाला घेऊन मोहट्याला गेलो. पुजाऱ्यांना विचारलं, नवस बदलता येतो का? "येतो की. पन ज्यानं बोललाय त्यानंच आईला सांगायचं. बोला ताई." शुभा देवीपुढे उभी. मागून रांग ढकलतेय, "चला, चला, पुढं व्हा." काही न बोलताच बाहेर आली.
करंजी घाटात चहाला थांबलो. कपाकडे बघत म्हणाली, "बदललाही असता. पण शब्द मोडल्यावर परत काही झालं, तर मी कुठल्या तोंडाने मागू?"
चहा गार झाला. मी दुसरा सांगितला.

रवि., २९ मार्च
सायली वैमानिकांच्या मेडिकल तपासणीत पास. मंगळवारपासून उडवणं पुन्हा सुरू, सध्या शिकवणारे सर शेजारी बसणार. शुभाला मी सांगायचं असं ठरलं. (कोणी ठरवलं? मीच गाढव.) सांगितलं. तिने कुकर लावला. शिट्ट्या मोजायला दोघंही विसरलो, भात खाली लागला.

मंगळ., ३१ मार्च
सकाळी सायलीला सोडायला निघालो तर शुभा येऊन गाडीत बसली.
धावपट्टीशी सायली उतरली, आईच्या पाया पडली. शुभाचा हात उठला, तिच्या डोक्याशी जाऊन थबकला. सायलीनेच तो धरून डोक्यावर ठेवला आणि गेली. पाय अजून जरा ओढते.
आत्ता कुंपणाबाहेर गाडीत आहोत. हाताला चाळा म्हणून लिहितोय. पांढरं विमान टोकाला उभं, पंखा फिरतोय. दोन डोकी दिसतात, तिचं कुठलं ते कळत नाही.
शुभाने हात जोडलेत, पण ओठ हलत नाहीत.
"माझं तर मागून झालंय," म्हणाली. "आता तुम्ही मागा ना."
मी जन्मात कधी मागितलेलं नाही. सुरुवात कशी करतात तेही तिलाच विचारावं लागेल. विमान पळायला लाग—