गोधडीतला काठ

आई,

हे पत्र मी पाठवणार नाही.

आम्ही सहा कृष्णवर्णीय अमेरिकन कलाकार तीन महिने एका स्टुडिओत राहिलो आणि आपापल्या घरचं कापड जोडून एक गोधडी शिवली. ज्यांचा रंग मी घेतला, त्या बाबांनी चर्चला जाताना घालायचा शर्ट दिला. घटस्फोटानंतरही जपलेली लग्नातली पैठणी तू स्वतः कापून दिलीस.

काल प्रदर्शनात तुझ्या अर्विंगच्या मराठी मंडळातल्या उल्काकाकूंनी त्या पैठणीचा काठ ओळखला. "विनीता, ही तू गणपतीत नेसायचीस ती पैठणी ना गं?"

"छे! असे काठ ढिगानं मिळतात," तू म्हणालीस.

"आणि ही मुलगी?" त्यांनी माझ्याकडे बघत विचारलं.

"असेल कुणीतरी आर्टिस्ट."

बाबा माझ्या शेजारीच उभे होते. एवढं मराठी त्यांना कळतं. तूच शिकवलं होतंस.

तुझी मुलगी,
प्रीता