मी हात घातला होता

४ मार्च, मंगळवार

जिवंत निघालं! वासराची मान मागे वळलेली. मागून हात घालून सरळ करायला गेले, पण गाय म्हणजे हट्टी बाई, काही केल्या दाद देईना. शेवटी डाव्या कुशीला भूल देऊन उभ्या गाईचंच पोट उघडलं. बाबा शेजारी उभे. त्यांचा खांदा आखडल्यापासून आमची वाटणी ठरलेली — कुत्री-मांजरं त्यांची, गाई-म्हशी माझ्या. पण गाय म्हटली की त्यांना दवाखान्यात राहवत नाही. 'टाका मोठा घे.' 'दोरा ओढतेयस की नुसता धरलायस?' ऑपरेशन कमी, तोंडी परीक्षाच जास्त.

शिवण्याआधी नेहमीचा प्रश्न आलाच. 'परत हात घातलास?' वासरू काढलं की गर्भाशयात पुन्हा हात फिरवायचा, जुळं राहिलंय का बघायचं — हा बाबांचा नियम. मी डॉक्टर व्हायच्या कितीतरी आधीपासून जेवताना ऐकत आलेय. घातला की. डावा, थेट खांद्यापर्यंत. मऊ काहीतरी लागलं, वार असणार, अजून पडायची होती. 'काही नाही,' म्हटलं आणि शिवलं.

आता डावा हात मेल्यासारखा झालाय. कळा देणाऱ्या गाईत हात घातला की तो असा आवळून निघतो, त्यात नवीन काही नाही. आमच्या धंद्यात बोटांना मुंग्या आल्या नाहीत तर काम केल्यासारखंच वाटत नाही.

५ मार्च

मुंग्या आहेतच. दिवसभर लोळले.

६ मार्च, गुरुवार

कसं लिहू?

सकाळीच गोठेवाल्या काकूंचा फोन. ती परवाची गाय उठत नाही, अंग तापलंय, घाण वास येतोय. आम्ही दोघं गेलो. मी बाह्या वर करेपर्यंत बाबा खाली बसलेसुद्धा. दुखऱ्या खांद्यासकट मागून हात घातला आणि थांबले. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. 'अजून एक आहे,' म्हणाले.

दुसरं वासरू! लहानसं. मेलेलं. मी त्याला आत ठेवून वरून शिवलं! बाबांनी ते बाहेर ओढलं तेव्हा मी नुसती उभी. पाणी आणायचंसुद्धा सुचलं नाही.

काकू माझ्याशी बोलल्याच नाहीत. बाबांना म्हणाल्या, 'डॉक्टर, तुमच्या हातून असं कधी झालं नाही हो.'

गाडीत बसल्यावर बाबा — 'घाई केलीस. हात घातला नाहीस.'

'घातला होता!'

'मग वासरू काय आभाळातून पडलं?'

७ मार्च

गाय उभी राहिली म्हणे. तोंड लावतेय चाऱ्याला. बाबा एकटेच जाऊन आले. मला बोलावलं नाही.

८ मार्च, शनिवार

घरात कुणी कुणाशी बोलत नाही. आईची मधल्या मधे फरफट. मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, 'अगं, दमली होतीस, राहून गेलं असेल. म्हणून टाक एकदा, सुटशील.' राहून गेलं नाही! चूक झाली असती तर काकूंचे पाय धरले असते. न झालेली कशी कबूल करू?

पण वासरू तर आत होतंच. मी हात घातला होता आणि वासरू आत होतं. दोन्ही खरं कसं? विचार करून डोकं फुटायची वेळ आलीय. हात घातला असं मला नुसतं वाटतंय की काय? तसं असेल तर यापुढे कुठल्याच जनावराला हात लावायचा मला हक्क नाही.

९ मार्च

आई किंचाळली — 'हे कुठे भाजलीस?' डाव्या तर्जनीवर टपोरा फोड. कुठे बरं? मघाशी इस्त्री केली, तेव्हा असेल.

११ मार्च, मंगळवार

ढोल्याला आणलं होतं. शेजारच्या गल्लीतला लठ्ठ कुत्रा, मोजा गिळून बसलेला. खरं तर बाबांचा पेशंट, पण त्या गाईत हात घातल्यापासून त्यांचा हात वरच होत नाही. म्हणून सुरी मी घेतली, बाबा मदतीला. मोजा निघाला — अख्खा, पट्ट्यापट्ट्यांचा! 'जोडीतला दुसरा कुठाय, विचारा त्याला,' मी म्हटलं. बाबा हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

मग आतडं शिवायला घेतलं. डाव्या बोटांत आतडं, उजव्या हातात सुईचा चिमटा. टाका घातला, दोरा ओढला, तर डावं बोटही बरोबर आलं. अडकलं असेल म्हणून मी पुन्हा ओढला.

'थांब,' बाबा म्हणाले. अगदी हळू. 'थांब, बाळा. चिमटा सोड.'

हातमोज्याच्या टोकात रक्त साचत होतं. माझं! ढोल्याच्या आतड्याला मी माझं बोट शिवलं होतं. सुई आरपार गेलेली, आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही! डोळ्यांना दिसतंय, पण बोट दुसऱ्याच कुणाचं तरी.

बाबांनी दोरा कापला. मला बाजूला केलं, उरलेलं सगळं स्वतः केलं, ओठ चावत. ढोल्या शुद्धीवर आला, ठीक आहे.

मग माझ्या बोटाला पट्टी बांधायला बसले. बांधून झाली तरी हात सोडेनात. 'तू हात घातला होतास,' म्हणाले. 'तुला लागलंच नसेल ते.' मी ढसाढसा रडले. हेच ऐकायला जीव टांगणीला लागला होता, आणि ऐकलं तर पट्टीवरून बोट दाबदाबून बघत बसले.

१२ मार्च

उद्या नसांच्या डॉक्टरकडे. आई सारखी काहीतरी खायला आणून ठेवतेय. बाबा म्हणतात, कुठेतरी नस दबली असेल, मोकळी होईल. आणि नाहीच झाली, तरी सुई उजव्या हातात धरतात! डाव्यानं नुसतं धरून ठेवायचं, ते काम बाबा करतील. आज त्यांनीच सुचवलं हे. बरं वाटलं.

१३ मार्च, गुरुवार

डॉक्टर म्हणाले, आधी चांगला हात बघू, म्हणजे तुलना करता येईल. डोळे मिटा, टाचणी लागली की 'हो' म्हणा. मी उजवा हात पुढे केला, डोळे मिटले. बराच वेळ काहीच होईना, तशी हसून म्हटलं, 'अहो, सुरू करा की!' मग बाबांचा आवाज — 'टोचून झालं त्यांचं, बाळा. डोळे उघड.'